पिपीलिका आणि विहंगम: सोलापूर परिसरातील ध्यानमार्ग

सोलापूरहून अक्कलकोटकडे जाणाऱ्या रस्त्यावरील वळसंगच्या परिसरात मराठीबरोबर कन्नडही सहज कानी पडते, आणि येथील योगविचारही या दोन्ही भाषांतील संतांनी मिळून घडवला आहे. योग म्हणजे आसने, अशी समजूत अलीकडे दृढ झाली असली, तरी पतंजलीच्या आठ अंगांत आसन हे केवळ तिसरे अंग आहे. चित्त एका ठिकाणी बांधणारी धारणा, त्याच विषयाकडे चित्ताचा अखंड प्रवाह ठेवणारे ध्यान आणि ध्याता मावळून केवळ ध्येय उरणारी समाधी, ही शेवटची तीन अंगे साधनेचा गाभा होत. ज्याला शेत, दुकान किंवा हिशेबाची वही सोडता येत नाही, त्याला ही साधना कितपत मोकळे करू शकते, हा प्रश्न या भागातील संतांनी विशेष तळमळीने हाताळला.

बाराव्या शतकातील शिवयोगी सिद्धराम, ज्यांना सोलापूरकर सिद्धेश्वर म्हणून पूजतात, त्यांनी सोलापुरात तलाव खोदवला. 'शून्यसंपादने' या कन्नड ग्रंथात, हे काम चालू असताना कन्नड संत अल्लमप्रभू तेथे आले आणि लोकोपयोगी कामातच गुंतलेल्या सिद्धरामांना त्यांनी आत्मस्वरूपाकडे वळवले, असा प्रसंग येतो. लोकांच्या तहानेसाठी तलाव खोदणे गौणच होते, असा त्याचा अर्थ लावणे अन्यायाचे ठरेल. बंधन कर्मात नसून 'हे मी केले' या कर्तेपणाच्या अभिमानात असते, हा त्या संवादाचा रोख आहे.

याच भूभागात पुढे इंचगिरी संप्रदाय वाढला. जत तालुक्यातील उमदीचे भाऊसाहेब महाराज (1843–1914) गुरूने दिलेल्या नामाचे दीर्घकाळ, नेमाने ध्यान करण्यावर भर देत. निंबाळ येथे आश्रम असलेले तत्त्वज्ञ गुरुदेव रा. द. रानडे त्यांचेच शिष्य. या साधनेला पिपीलिका मार्ग म्हणतात, कारण मुंगी जशी झाडावर हळूहळू चढत फळापर्यंत पोहोचते, तसा साधक नामाच्या आधाराने पुढे सरकतो. पक्ष्याप्रमाणे थेट फळावर झेप घेणारा तो विहंगम मार्ग, आणि त्याचे प्रभावी विवरण भाऊसाहेबांचेच शिष्य सिद्धरामेश्वर महाराज यांनी केले.

सोलापूर जिल्ह्यातील पाथरी येथे 1888 साली जन्मलेल्या सिद्धरामेश्वर महाराजांनी तरुणपणी विजापुरात एका पेढीवर हिशेबनिसाचे काम केले. 'मी कोण' याचा विचार ते चार देहांच्या क्रमाने मांडतात. हाडामांसाचे शरीर हा स्थूल देह. मन, बुद्धी, इंद्रिये आणि प्राण मिळून सूक्ष्म देह. गाढ झोपेतील, काहीच न जाणवणारी विस्मृती हा कारण देह. आणि त्या विस्मृतीलाही जाणणारे शुद्ध 'आहे'पण हा महाकारण देह. ज्याला पाहता किंवा जाणता येते तो आपण नव्हे, असे तपासत एकेक देह बाजूला सारायचा आणि अखेरीस 'मी आहे' ही जाणीवही धरून ठेवायची नाही, अशी ही वाट आहे. आनंदाचा प्रश्न येथेच उलगडू लागतो, कारण गाढ झोपेत धन, मान, आप्त यांपैकी काहीही जवळ नसताना माणूस सुखी असतो, आणि जे सुख वस्तूंवाचून असू शकते ते वस्तूंनी दिलेले नाही, असा वेदान्ताचा तर्क आहे. जागेपणी हेच सुख झाकले जाते ते 'मी' आणि 'माझे' यांच्या सततच्या राखणीमुळे. ही राखण सैल होणे हेच अंतरीचे स्वातंत्र्य. मात्र विहंगम मार्ग म्हणजे श्रम टाळण्याची सोय, असे समजणाऱ्याची मोठी फसगत होते, कारण इतका सूक्ष्म विचार पेलण्यासाठी चित्त आधी स्थिर व्हावे लागते आणि नामध्यान नेमके तेच काम करते.

सिद्धरामेश्वर महाराजांचे 1936 मध्ये निधन झाले. त्यांचे शिष्य निसर्गदत्त महाराज मुंबईत विडीचे दुकान चालवत; 1933 साली उपदेश मिळाल्यावर, गुरूंच्या निधनानंतर 1937 मध्ये त्यांनी घर सोडून भ्रमंती केली, परंतु 1938 मध्ये ते कुटुंबाकडे आणि दुकानाकडे परतले. खेतवाडीतील त्यांच्या घराच्या माळ्यावर पुढे देशविदेशांतील जिज्ञासू येऊ लागले, आणि मॉरिस फ्रिडमन यांनी संपादित केलेल्या त्यांच्या संवादांचा इंग्रजी ग्रंथ 1973 साली प्रसिद्ध झाल्यावर सोलापूर-विजापूरकडील हा विचार मराठी न जाणणाऱ्या वाचकांपर्यंतही पोहोचला.