सापाच्या विषाने दाखवलेली वाट

१९५२ साली इटालियन शास्त्रज्ञ रिता लेव्ही-मोंताल्चिनी अमेरिकेहून विमानाने रिओ द जानेरोला निघाल्या, तेव्हा त्यांच्याजवळच्या लहानशा डबीत दोन जिवंत उंदीर होते. दोघांच्याही अंगात कर्करोगाच्या गाठी. अशी गाठ कोंबडीच्या गर्भावर लावली की मज्जातंतू बेफाम वाढतात, हे त्यांनी पाहिलं होतं. कशामुळे, ते कळत नव्हतं.

बाई चिवट. ज्यू म्हणून मुसोलिनीच्या कायद्यांनी विद्यापीठाची दारं बंद केली, तेव्हा तूरिनच्या घरी झोपायच्या खोलीत त्यांनी प्रयोगशाळा थाटली आणि शिवणाच्या सुया घासून हत्यारं केली.

रिओत त्यांनी गर्भातल्या मज्जापेशींचा पुंजका काचेच्या तबकडीत ठेवला आणि शेजारी, पण अंतर राखून, गाठीचा तुकडा. दिवसभरात पुंजक्यातून तंतू फुटले, सूर्यकिरणांसारखे! तुकड्याचा स्पर्शही नव्हता. म्हणजे त्यातून काहीतरी पाझरत होतं.

अमेरिकेत सेंट लुईसला त्यांचे सहकारी स्टॅनली कोहेन या पाझरणाऱ्या द्रव्याच्या मागे लागले. गाठीच्या अर्कातली न्यूक्लिक आम्लं मोडायला त्यांनी सापाचं विष घातलं, तर तंतू अधिकच दाट झाले. वाढवणारं द्रव्य विषातही होतं, आणि भरपूर! विषग्रंथी म्हणजे एक प्रकारची लाळग्रंथीच. मग उंदराच्या लाळग्रंथी तपासल्या; तिथेही ते सापडलं. या ‘नर्व्ह ग्रोथ फॅक्टर’सह वाढीच्या घटकांच्या शोधासाठी दोघांना १९८६ चं नोबेल मिळालं.

मधुमेहातही नसा खराब होतात. आधी तळपायांची आग, मुंग्या. मग पायातली चप्पल निसटली तरी कळत नाही. नव्वदच्या दशकात अशा रुग्णांना ‘नर्व्ह ग्रोथ फॅक्टर’ हेच प्रथिन टोचलं गेलं. सुरुवातीला आशा वाटली, पण १,०१९ रुग्णांवरची मोठी चाचणी अपयशी ठरली.

माझ्या मते स्टेम सेलचं, म्हणजे इतर पेशी घडवू शकणाऱ्या मूळ पेशींचं, महत्त्व इथेच आहे: एकच घटक टोचण्याऐवजी त्या अनेक घटक पुरवू शकतात. २००८ साली जपानी संशोधकांनी अस्थिमज्जेतल्या अशा पेशी मधुमेही उंदरांच्या पायाच्या स्नायूंत सोडल्या. त्या स्नायूंतच मुक्कामाला राहिल्या, तिथे वाढीचे एकाहून अधिक घटक वाढले आणि नसांचा रक्तपुरवठा व संदेशाचा वेग सुधारला.

पण ते उंदीर होते. मधुमेही नसांसाठी स्टेम सेल हा भारतात अजून मान्य उपचार नाही. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या (आयसीएमआर) नियमांनुसार तो फक्त चाचणीतच देता येतो. म्हणून कुणी त्यासाठी पैसे मागितले, तर आधी चाचणीचा नोंदणी क्रमांक विचारा. आणि मधुमेह असेल तर रोज रात्री तळपाय नीट तपासा.