नव्याचे नऊ दिवस, मग 'नव'बौद्ध किती वर्षे?

'नव्याचे नऊ दिवस' असे आपण सहज म्हणतो. नवी नवरी वर्षभरात घरची सून होते. नवे घर दोन पावसाळ्यांत जुने होते. पण वर्तमानपत्रांच्या भाषेत एका समाजाचे नवेपण काही केल्या संपत नाही. तो समाज आपला, आणि तो शब्द 'नवबौद्ध'.

हा शब्द सुरुवातीपासून वाईट हेतूनेच आला, असे म्हणणे न्यायाचे होणार नाही. १३ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरात पत्रकारांशी बोलताना खुद्द बाबासाहेबांनी आपल्या मार्गाला 'नवयान' म्हटले होते. हीनयान-महायानाच्या वादात न पडता बुद्धाची मूळ शिकवण लोकांना द्यायची, हा त्यामागचा विचार होता. दुसऱ्या दिवशी, १४ ऑक्टोबरला, लाखोंनी धम्मदीक्षा घेतली. बावीस प्रतिज्ञांतही नव्या जन्माची जाणीव आहे. तेव्हा त्या दिवसांत 'नव' म्हणजे अभिमान होता. १९५१ च्या जनगणनेत आजच्या महाराष्ट्राच्या हद्दीत जेमतेम अडीच हजार बौद्ध होते. १९६१ मध्ये ते सुमारे २७ लाख ९० हजार झाले. एवढ्या मोठ्या बदलाला वार्ताहरांनी नवा शब्द वापरला, यात नवल नाही.

बातमीतली जोडी

पुढे मात्र शब्दाचे काम बदलले. साठ ते नव्वद या दशकांतील मराठी बातम्या आठवून पाहा. गावात भांडण झाले की बातमीत 'सवर्ण आणि नवबौद्ध' अशी जोडी यायची. 'हिंदू आणि बौद्ध' असे क्वचितच कोणी लिही. एका बाजूला वर्णाचे नाव आणि दुसऱ्या बाजूला धर्माचे, असा हा अजब तराजू! वाचकाला मात्र त्यातून जे कळायचे ते बरोबर कळत असे. म्हणजे जातीचे नाव न घेता जात सांगण्याची ही सोय झाली. १९७८ साली मराठवाडा विद्यापीठाच्या नामांतराच्या ठरावानंतर वस्त्या जळाल्या. त्या काळच्या लिखाणातही 'दलित' आणि 'नवबौद्ध' हे शब्द एकमेकांच्या जागी वापरलेले दिसतात.

आणखी एक गंमत बघा. अजिंठा, कार्ले, कान्हेरीची लेणी 'बौद्ध'. श्रीलंकेहून आलेले भन्ते 'बौद्ध'. जपानचे पाहुणेही 'बौद्ध'. फक्त नागपूरचा गिरणी कामगार आणि मुंबईचा सफाई कामगार तेवढा 'नवबौद्ध'! आजोबांनी दीक्षा घेतली म्हणून ते नवे, हे एकवेळ मान्य. पण बौद्ध आईबापांच्या पोटी जन्मलेला नातू नवा कसा?

सरकारी कागदावरचा शब्द

या शब्दाची दुसरी बाजूही घरातल्या तरुणांना सांगितली पाहिजे. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशाप्रमाणे अनुसूचित जातीचा दर्जा हिंदूंपुरता होता. १९५६ मध्ये त्यात शिखांचा समावेश झाला, बौद्धांचा नाही. त्यामुळे धम्म स्वीकारताच आपल्या लोकांच्या केंद्राच्या सवलती गेल्या. धर्म बदलला म्हणून गावाने विहीर मोकळी केली नव्हती, पण सरकारी यादीतून नाव मात्र गळाले. महाराष्ट्र राज्याने आपल्या अखत्यारीतील सवलती बौद्धांना लागू केल्या, आणि 'अनुसूचित जाती व नवबौद्ध' हे शब्द सरकारी जाहिरातींत रुळले. त्या शब्दावर कित्येकांना वसतिगृह मिळाले, शिष्यवृत्ती मिळाली. ते विसरता येणार नाही.

केंद्राच्या सवलतींसाठी मात्र १९९० पर्यंत झगडावे लागले. त्या वर्षी कायद्यात दुरुस्ती होऊन अनुसूचित जातीतील बौद्धांना तो हक्क मिळाला. त्या दुरुस्तीत शब्द आहे हिंदू, शीख किंवा 'बौद्ध'. तिथे 'नव' नाही. जनगणनेच्या धर्माच्या कोष्टकातही 'बौद्ध'च आहे. २०११ च्या मोजणीत महाराष्ट्रातील बौद्धांची संख्या ६५ लाखांवर आहे. जे कायद्याला चालते ते बातमीला का चालू नये?

आपल्या हातात काय?

वर्तमानपत्रांना दोष देण्याआधी आपले घर तपासू या. वधू-वरांच्या जाहिरातीत, मुलांच्या शाळेच्या अर्जात हा शब्द कधी आपणच लिहितो. धर्माच्या रकान्यात स्वच्छ 'बौद्ध' लिहा. जातीच्या रकान्यात दाखल्यावर जे असेल तेच लिहा, म्हणजे मुलाच्या सवलतीला अडथळा येणार नाही. खानेसुमारीला माणूस दारी आला तर धर्म 'बौद्ध' सांगा, आणि त्याने काय लिहिले ते वाचून घ्या. वर्तमानपत्रात 'नवबौद्ध' दिसले तर संपादकांना एक पोस्टकार्ड टाका. शिवीगाळ नको, दोन ओळींत कारण लिहा.

कोणी आपल्याला काय म्हणावे हे शतकानुशतके दुसऱ्यांनी ठरवले. १९५६ साली आपल्या वडीलधाऱ्यांनी आपले नाव स्वतः निवडले. ते नाव दोन अक्षरांचे आहे: बौद्ध. मुलांना तेवढेच लिहायला शिकवा.