लहान धरणांची मोठी गोष्ट : लेखांक ७ – खालच्या अंगाला कोण राहतं?

गेल्या लेखांकात मातीच्या भरावातला पाझर पाहिला. आता धोकाश्रेणी, जिच्याबाबत भल्याभल्यांची गल्लत होते. धरण ‘कमी धोक्या’चं म्हटलं, की ते मजबूत असणार असं आपण धरून चालतो. प्रत्यक्षात श्रेणी ठरवताना धरणाची तब्येत पाहिलीच जात नाही. ते फुटलंच, तर खाली काय जाईल, एवढाच हिशेब असतो. अमेरिकेतल्या पद्धतीत माणसं दगावण्याची शक्यता असली की श्रेणी ‘उच्च’. जीव जाणार नाहीत, पण रस्ते, वीज, मालमत्ता यांना मोठा फटका बसेल, तर ‘लक्षणीय’. नुकसान बहुतांशी मालकाच्याच जमिनीपुरतं राहणार असेल, तर ‘कमी’. तेव्हा नवंकोरं, भक्कम धरण उच्च श्रेणीत असू शकतं आणि झाडाझुडपांनी माजलेलं, खचू लागलेलं धरण कमी श्रेणीत.

हवाईतल्या कवाई बेटावरचं का लोको धरण असंच ‘कमी’ श्रेणीतलं होतं. 1890 च्या सुमारास उसाच्या मळ्यांसाठी बांधलेला हा मातीचा बांध, उंची साधारण 40 फूट. पुढे तिथला साखरधंदा बंद पडला, जमिनी विकल्या गेल्या, धरण खासगी मालकीचं झालं. पाणी साठतच होतं. खाली ओढ्याकाठी लोक राहायला आले, तरी कागदावर ‘कमी धोका’ तसाच राहिला.

2006 च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये तिथे आठवडेच्या आठवडे पाऊस लागून राहिला. 14 मार्चच्या पहाटे बांध फुटला. सुमारे 40 कोटी गॅलन, म्हणजे दीडशे कोटी लिटर पाणी ओढ्याने धावत महामार्ग ओलांडून समुद्राला मिळालं. वाटेतली सात माणसं गेली, त्यांत एक लहान मूल होतं.

पुढच्या वर्षी स्वतंत्र चौकशीचा अहवाल आला. धरणाला सांडवाच, म्हणजे जादा पाणी सुखरूप बाहेर काढणारी वाटच, उरलेली नव्हती. सांडवा भरून टाकला गेला असावा, असा त्याचा रोख होता. सरकारी तपासणी कधी झालीच नव्हती. मालकाने 2013 मध्ये बेपर्वाईचा आरोप न लढवता मान्य केला आणि त्याला सात महिन्यांची कैद झाली.

सांडव्याचं एवढं काय? काँक्रीटची भिंत माथ्यावरून पाणी वाहिलं तरी बरेचदा तग धरते. मातीच्या बांधावरून पाणी गेलं, की खालच्या उतारावरची माती सुटते, घळ पडते, ती मागे मागे सरकत माथ्यापर्यंत येते आणि मग सगळा साठा त्याच वाटेने निघतो. सांडवा बुजवणं म्हणजे पाण्याला माथ्यावरून वाट देणं.

मालक तर जबाबदार खराच. पण खाली घर बांधायला परवानगी देताना वरच्या बाजूला काय आहे, हे कोण पाहतं? एका घराने श्रेणी बदलू शकते. बांध तोच असला, तरी मालकावर मोठ्या पुराला पुरेल असा सांडवा काढायची पाळी येते. खर्च अर्थात त्याचाच. म्हणून श्रेणी एकदा ठरवून फाईल बंद करणं मला मूळ दुखणं वाटतं.

आपल्याकडच्या 2021 च्या धरण सुरक्षा कायद्यात 15 मीटरपेक्षा उंच धरणं सरसकट येतात. 10 ते 15 मीटर उंचीची धरणं मात्र लांबी, साठा, पूर, पाया अशा अटींतली एखादी पूर्ण केली तरच. पहिली चाळणी धरणाच्या आकाराची आहे, खालच्या वस्तीची नाही. 10 मीटरच्या आतले खासगी बांध त्यातून खाली गळतात.

(पुढील लेखांकात : सांडव्याची रुंदी कशी ठरते?)