रिकाम्या खणांचं वजन

फर्निचरच्या दर्जाबाबत केंद्राने 2025 मध्ये आदेश काढला, तेव्हा चर्चा झाली ती आयातीची, बीआयएसच्या शिक्क्याची आणि वाढणाऱ्या किमतींची. आपट्याहून सहकुटुंब पनवेलला कपाट बघायला जाणाऱ्यांचा प्रश्न साधा आहे: पोरगं खणावर चढलं तर हे उभं राहील का?

दोन-तीन खण ओढले आणि खालच्यावर मूल उभं राहिलं, की सगळा भार पुढच्या पायांच्याही पुढे जातो आणि कपाट कलंडतं. घरी बंद खणांतले कपडे निदान मागून तोलून धरतात. शोरूममध्ये खण रिकामे. भिंतीला स्क्रूही नाही, कारण मांडणी रोज बदलायची असते. वर ‘मुलांना सांभाळा, वस्तू मोडल्यास भरपाई द्यावी लागेल’ ही पाटी! मोडण्याची काळजी वस्तूची, मुलाची नव्हे.

आयकियाने अमेरिकेत 2015 मध्ये कपाटं भिंतीला बांधायच्या पट्ट्या फुकट वाटल्या. घरोघरी कोण भिंतीला भोकं पाडत बसणार? बालमृत्यूंनंतर 2016 मध्ये सुमारे 2 कोटी 90 लाख कपाटं परत मागवावी लागली. मृत मुलांच्या पालकांनी पाठपुरावा केला, डिसेंबर 2022 मध्ये तिथे कायदा झाला. आता सुमारे 27 किलोंच्या मुलाचा भार गृहीत धरून कपाट तपासतात, तेही गालिच्यावर आणि खण उघडे ठेवून. पालकांना उपदेश करण्यापेक्षा कपाटच नीट बनवा, हे पटायला इतके जीव जावे लागले.

आपल्या 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्यात वस्तूची जोडणी, तपासणी, देखभाल यांत हयगय करणाऱ्या विक्रेत्यावर जबाबदारी आहे. तरतूद चांगली, पण ‘ग्राहक’ म्हणजे पैसे मोजून वस्तू घेणारा किंवा त्याच्या संमतीने ती वापरणारा. बिल फाटण्याआधीच दुकानात कपाट अंगावर आलेल्या मुलाला त्यात कुठे बसवायचं? वकिलांना यावर हवा तेवढा वाद घालता येईल. माझ्या मते दुकानदाराला सुटायला एवढी फट पुरते.

ही फट बुजेपर्यंत विक्रेत्याला दोनच गोष्टी विचारा: भिंतीला लावायची एल-पट्टी सोबत मिळते का, आणि ती बसवून कोण देणार? ‘कपाट जड आहे, हलत नाही’ असं उत्तर आलं, तर त्यालाच सगळे खण उघडून दाखवायला सांगा. मूल मात्र तेवढा वेळ कडेवर घ्या.