वृत्तसचिव, राष्ट्राध्यक्षाचा

राष्ट्राध्यक्षाचे निर्णय, धोरणे व दैनंदिन कार्यक्रम यांसंबंधीची अधिकृत माहिती वृत्तपत्रे, वृत्तसंस्था, नभोवाणी व दूरचित्रवाणी यांच्या प्रतिनिधींना देणारा आणि त्यांच्या प्रश्नांना राष्ट्राध्यक्षाच्या वतीने उत्तरे देणारा अधिकारी. या पदाचा विकास मुख्यत्वे अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत झाला आणि तेथे ते अनेकदा व्यवसायाने पत्रकार असलेल्या व्यक्तीकडे गेले आहे. बातमी कशी घडते, वृत्तपत्राचा मजकूर छपाईला केव्हा जातो, कोणता प्रश्न कोणत्या रोखाने येतो, हे पत्रकाराला अनुभवाने माहीत असते. त्याच्या नेमणुकीचे हे एक कारण झाले. दुसरे व अधिक महत्त्वाचे कारण म्हणजे त्याची व्यवसायबंधूंमध्ये असलेली पत. ही पत त्याने सत्तेला प्रश्न विचारून मिळविलेली असते आणि पद स्वीकारताच ती सत्तेच्या उपयोगी पडू लागते. वृत्तसचिवाच्या कामातील बहुतेक पेच या अदलाबदलीतून निर्माण झालेले दिसतात.

वृत्तपत्रांना माहिती देण्याचे काम पूर्वी राष्ट्राध्यक्षाचा खाजगी सचिव इतर कामांबरोबर करीत असे. वुड्रो विल्सनने मार्च १९१३ मध्ये नियमित वार्ताहर परिषदांना प्रारंभ केला आणि पुढच्याच वर्षी व्हाइट हाउसच्या वार्ताहरांनी आपली संघटना स्थापन केली. स्वतंत्र वृत्तसचिव मात्र हर्बर्ट हूव्हरच्या कारकीर्दीत (१९२९–३३) आला. मिनीॲपोलिस येथील ट्रिब्यून या दैनिकाचा वॉशिंग्टनमधील वार्ताहर जॉर्ज एकर्सन हा सामान्यतः पहिला वृत्तसचिव मानला जातो. त्याच्यानंतर आलेला थीओडोर जॉस्लिन हाही पत्रकारच होता. त्या काळी प्रश्न आगाऊ लेखी द्यावे लागत व त्यांपैकी कोणत्या प्रश्नांना उत्तरे द्यावयाची हे राष्ट्राध्यक्ष ठरवी. त्यामुळे सचिवाला प्रश्नोत्तरांत फारसा वाव नव्हता.

या पदाला खरे स्वरूप स्टीव्हन अर्ली (कार. १९३३–४५) याने दिले. युनायटेड प्रेस व असोशिएटेड प्रेस या वृत्तसंस्थांत त्याने काम केले होते व १९२० च्या निवडणुकीत उपाध्यक्षपदाचा उमेदवार असलेल्या फ्रँक्लिन रूझवेल्टच्या प्रचारदौऱ्याची आगाऊ व्यवस्थाही पाहिली होती. ८ मार्च १९३३ रोजी रूझवेल्टच्या पहिल्या वार्ताहर परिषदेत लेखी प्रश्नांची अट रद्द झाली. कोणती माहिती राष्ट्राध्यक्षाच्या नावावर छापावयाची, कोणती नावाशिवाय वापरावयाची व कोणती मुळीच छापावयाची नाही, याचे संकेतही ठरले. बारा वर्षांत अशा सुमारे एक हजार परिषदा झाल्या. ७ डिसेंबर १९४१ रोजी पर्ल हार्बरवरील हल्ल्याची बातमी अर्लीने तिन्ही प्रमुख वृत्तसंस्थांना एकाच वेळी दूरध्वनीवर जोडून घेऊन सांगितली. कोणा एकीला ती आधी मिळू नये ही दक्षता वृत्तसंस्थेत वाढलेल्या माणसाचीच होय. परंतु रूझवेल्टची पक्षाघाताने आलेली विकलता छायाचित्रांत दिसू नये यासाठी छायाचित्रकारांवर बंधने घालून ती पाळली जातील हे पाहणाराही अर्लीच होता. वृत्तपत्रांनीही हे बंधन बव्हंशी मुकाट्याने पाळले.

अर्लीनंतरचे महत्त्वाचे नाव चार्ल्स रॉस याचे. रॉस व हॅरी ट्रूमन हे मिसूरीतील इंडिपेंडन्स येथील शाळेत एकाच वर्गात होते. दोघेही १९०१ मध्ये तेथून उत्तीर्ण झाले. १९०८ मध्ये मिसूरी विद्यापीठात वृत्तपत्रविद्येची शाळा सुरू झाली, तेव्हा तिच्या आरंभीच्या अध्यापकांत रॉस होता. पुढे सेंट लूइस पोस्ट-डिस्पॅच या दैनिकाचा वॉशिंग्टनमधील प्रतिनिधी म्हणून त्याने नाव मिळविले आणि आर्थिक मंदीवरील लेखाबद्दल १९३२ चे पुलिट्झर पारितोषिक मिळविले. १९४५ मध्ये ट्रूमनच्या आग्रहावरून त्याने ही प्रतिष्ठेची नोकरी सोडून कमी वेतनाचे सचिवपद पतकरले. ट्रूमनला मनात येईल ते बोलून टाकण्याची सवय असल्याने वृत्तसचिवाचे अर्धे काम बोललेल्या शब्दांना आवर घालण्याचे होऊन बसले. ३० नोव्हेंबर १९५० रोजी कोरियातील युद्धाविषयी बोलताना अणुबाँबच्या वापराचा विचार नेहमीच चालू असतो, अशा आशयाचे उद्‌गार ट्रूमनने वार्ताहर परिषदेत काढले. जगभर खळबळ उडाली व ब्रिटिश पंतप्रधान क्लेमंट ॲटली तातडीने वॉशिंग्टनला आला. असा वापर करण्याचा आदेश केवळ राष्ट्राध्यक्षच देऊ शकतो आणि तसा आदेश दिला गेलेला नाही, हा खुलासा रॉसच्या कार्यालयास काढावा लागला. ट्रूमन-ॲटली बोलणी चालू असतानाच, ५ डिसेंबर रोजी, वार्ताहरांना माहिती देऊन झाल्यावर रॉस आपल्या कार्यालयातच हृदयविकाराने मृत्यू पावला. त्याच्या जागी आलेला बॉल्टिमोर सन या दैनिकाचा जोसेफ शॉर्ट हाही १९५२ मध्ये पदावर असतानाच मरण पावला. या कामाचा ताण किती असतो याची कल्पना यावरून यावी.

जेम्स हॅगर्टी (कार. १९५३–६१) हा न्यूयॉर्क टाइम्स या दैनिकाचा वार्ताहर होता, त्याचे वडीलही त्याच दैनिकाचे राजकीय वार्ताहर होते. मात्र व्हाइट हाउसमध्ये येण्यापूर्वी त्याने न्यूयॉर्कचा राज्यपाल टॉमस ड्यूई याच्याकडे सुमारे दहा वर्षे काढली होती, म्हणजे पत्रकारिता व प्रवक्तेपण यांमधील सीमा त्याने आधीच ओलांडलेली होती. सप्टेंबर १९५५ मध्ये डेन्व्हर येथे आयझेनहौअरला हृदयविकाराचा झटका आला, तेव्हा प्रथम पोटाचा विकार म्हणून सांगण्यात आले. हॅगर्टी डेन्व्हरला पोहोचल्यावर चित्र पालटले. राष्ट्राध्यक्षाच्या प्रकृतीची तपशीलवार पत्रके निघू लागली व पॉल डडली व्हाइट या हृदयविकारतज्ञाला वार्ताहरांसमोर बसविण्यात आले. पत्रकांतील काही शारीरिक तपशील शिष्टाचारास सोडून असल्याची टीका झाली, परंतु अफवांना जागा उरली नाही. दूरचित्रवाणीच्या चित्रक्याला वार्ताहर परिषदेत प्रवेश मिळाला तोही हॅगर्टीच्या काळात, १९ जानेवारी १९५५ रोजी. थेट प्रक्षेपण मात्र २५ जानेवारी १९६१ रोजी, केनेडीच्या पहिल्या परिषदेपासून सुरू झाले.

केनेडीचा वृत्तसचिव पिअर सॅलिंजर हा सॅन फ्रॅन्सिस्को क्रॉनिकल या दैनिकात व कॉलिअर्स या नियतकालिकात काम केलेला शोधक वार्ताहर होता. वृत्तसचिवाने किती जाणावे, हा प्रश्न त्याच्या काळात तीव्रतेने पुढे आला. २० ऑक्टोबर १९६२ रोजी केनेडीने शिकागोतील प्रचारदौरा अर्धवट सोडला. राष्ट्राध्यक्षाला सर्दी झाली आहे, असे सॅलिंजरने वार्ताहरांना सांगितले. खरे कारण क्यूबातील क्षेपणास्त्रे हे होते; परंतु ते त्याला तोपर्यंत सांगण्यात आलेले नव्हते. ज्याला काही माहीतच नाही त्याच्याकडून असत्य वदवून घेणे सोयीचे असते व त्याचा सद्‌भावही शाबूत राहतो. मात्र पुढच्या वेळी त्याच्या शब्दावर कोणी विसंबत नाही. याच संघर्षानंतर, डिसेंबर १९६२ मध्ये, संरक्षण खात्याचा प्रवक्ता आर्थर सिल्व्हेस्टर याने राष्ट्राच्या बचावासाठी असत्य बोलण्याचा शासनाला अधिकार आहे, असे जाहीरपणे म्हटले. सिल्व्हेस्टरने तत्पूर्वी अनेक वर्षे नूअर्क येथील दैनिकात पत्रकारिता केली होती, हे लक्षात घेण्याजोगे आहे.

लिंडन जॉन्सनच्या कारकीर्दीत व्हिएटनाम युद्धाविषयीची शासकीय माहिती व प्रत्यक्ष परिस्थिती यांत वाढत गेलेल्या तफावतीला ‘विश्वासार्हतेची दरी’ असे नाव पडले. त्याच्या वृत्तसचिवांपैकी जॉर्ज रीडी या जुन्या वृत्तसंस्था-वार्ताहराने १९७० मध्ये अध्यक्षपदावर चिकित्सक ग्रंथ लिहिला. राष्ट्राध्यक्षाभोवती जमणारे दरबारी वातावरण त्याला वास्तवापासून तोडते, हे त्यातील मुख्य प्रतिपादन. रिचर्ड निक्सनने पत्रकाराऐवजी जाहिरात-व्यवसायातील तरुण रॉन झीग्लर याची निवड केली. वॉटरगेटची घटना ही तिय्यम प्रतीची घरफोडी असल्याचे झीग्लरने १९७२ मध्ये सांगितले आणि एप्रिल १९७३ मध्ये आपली आधीची निवेदने आता लागू नसल्याचे त्याला जाहीर करावे लागले. अखेर वॉशिंग्टन पोस्ट या दैनिकाची त्याने क्षमाही मागितली.

या पार्श्वभूमीवर ९ ऑगस्ट १९७४ रोजी अध्यक्ष झालेल्या जेरल्ड फोर्डने डिट्रॉइट न्यूज या दैनिकाच्या वॉशिंग्टन कार्यालयाचा प्रमुख जेरल्ड टेरहॉर्स्ट याला वृत्तसचिव नेमले. ग्रँड रॅपिड्स येथे बातमीदारी करीत असल्यापासून, म्हणजे १९४८ मधील फोर्डच्या पहिल्या निवडणुकीपासून, टेरहॉर्स्ट त्याला ओळखत होता. व्हाइट हाउसवरील उडालेला विश्वास पुन्हा बसविण्यासाठी हीच निवड योग्य आहे, असे सर्वांनाच वाटले. निक्सनला माफी मिळणार काय, हा त्या दिवसांतील मुख्य प्रश्न होता. प्रकरण आपल्यापुढे येईपर्यंत कोणतेही वचन देणार नाही, असे फोर्डने २८ ऑगस्टच्या परिषदेत म्हटले होते. टेरहॉर्स्टने व्हाइट हाउसमध्ये चौकशी केली असता तसा विचार चालू नसल्याचे त्याला कळले व त्याने वार्ताहरांना तेच सांगितले. प्रत्यक्षात माफीची तयारी चालू होती आणि ती जाहीर होण्याच्या आदल्या दिवशी त्याला निर्णय सांगण्यात आला. ८ सप्टेंबर रोजी, रविवारी सकाळी, फोर्डचे भाषण होण्यापूर्वी त्याने राजीनाम्याचे पत्र त्याच्या हाती दिले. त्याची कारकीर्द एक महिन्याची ठरली.

आपली दिशाभूल झाली म्हणून टेरहॉर्स्ट गेला, असे पुष्कळदा लिहिले जाते. त्याच्या पत्रात मात्र निराळेच कारण आहे. आरोपही ठेवला गेला नसताना माजी राष्ट्राध्यक्षाला माफी मिळते. पण सदसद्विवेकबुद्धीला अनुसरून व्हिएटनाममधील लष्करी सेवा नाकारणाऱ्या तरुणांना आणि निक्सनच्या हाताखालील आरोपींना ती मिळत नाही. हा दुजाभाव आपल्याला समर्थनीय वाटत नाही, असे त्याचे म्हणणे होते. म्हणजे केवळ फसविला गेलेला बातमीदार म्हणून नव्हे, तर जे पटत नाही त्याचे रोज समर्थन करावे लागेल हे ओळखलेला प्रवक्ता म्हणून त्याने पद सोडले. वृत्तसचिवाला राष्ट्राध्यक्षाचा प्रत्येक निर्णय पटलाच पाहिजे काय, यावर तेव्हा बराच वाद झाला. हा सल्लागाराचा नव्हे, तर मुखपत्राचा हुद्दा आहे, असे काहींचे मत पडले. ते व्यवहारतः खरे असले, तरी टेरहॉर्स्टची नेमणूक ज्या गुणासाठी झाली त्याच गुणाने त्याला तेथे राहू दिले नाही, हेही तितकेच खरे आहे. तो पुन्हा आपल्या दैनिकात स्तंभलेखन करू लागला. सदसद्विवेकाबद्दल अमेरिकेतील लेखक-पत्रकारांच्या संस्थेचा पुरस्कार त्याला १९७५ मध्ये मिळाला. पुढे १९८० नंतरच्या दशकात तो एका मोटार-कंपनीच्या जनसंपर्क विभागात गेला. त्याच्या जागी एन्‌बीसी या दूरचित्रवाणी संस्थेचा वार्ताहर रॉन नेसन आला.

यानंतर हे प्रश्न निरनिराळ्या रूपांत उद्‌भवत राहिले. जॉडी पॉवेल (कार. १९७७–८१) पत्रकार नव्हता. इराणमधील ओलिसांच्या सुटकेसाठी लष्करी मोहीम आखली जात असताना, एप्रिल १९८० मध्ये, त्याने एका वार्ताहराला समजून उमजून खोटे सांगितले व पुढे आपल्या पुस्तकात त्याचे समर्थनही केले. माणसांचे प्राण पणास लागलेले असल्याने त्याला फारसा दोष दिला गेला नाही. लॅरी स्पीक्स हा मिसिसिपीतील छोट्या वृत्तपत्रांचा संपादक होता. ग्रेनेडावर स्वारी होणार काय, या प्रश्नावर ही कल्पनाच हास्यास्पद असल्याचे त्याने २४ ऑक्टोबर १९८३ रोजी सांगितले. त्याला तसेच सांगण्यात आले होते आणि दुसऱ्याच दिवशी सैन्य उतरले. १९८५ च्या जिनीव्हा परिषदेत रेगनच्या तोंडी घातलेली काही वाक्ये आपणच रचली होती, अशी कबुली त्याने १९८८ मध्ये आठवणींच्या पुस्तकात दिली. ज्याचे मूळ शिक्षण दुसऱ्याचे शब्द अचूक टिपण्याचे, त्याने ही गोष्ट करावी याचा व्यवसायबंधूंना विशेष राग आला.

अलीकडच्या उदाहरणांत टोनी स्नो (कार. २००६–०७) व जे कार्नी (कार. २०११–१४) ही ठळक आहेत. फॉक्स या वाहिनीवर भाष्यकार असताना स्नोने जॉर्ज डब्ल्यू. बुश याच्यावर टीकाही केली होती. टाइम साप्ताहिकाचा वॉशिंग्टन कार्यालयप्रमुख कार्नी २००८ च्या अखेरीस प्रथम उपाध्यक्षाचा जनसंपर्कप्रमुख झाला, नंतर राष्ट्राध्यक्षाचा वृत्तसचिव आणि २०१५ मध्ये एका मोठ्या व्यापारी कंपनीचा अधिकारी. तेथून वार्ताहराच्या टेबलाकडे परतण्याचा टेरहॉर्स्टचा मार्ग पुढच्या पिढीत क्वचितच कोणी धरला.

जर्मनीतील व्यवस्था काहीशी वेगळी आहे. तेथे १९४९ पासून वार्ताहरांची स्वतःची संघटना परिषद भरविते व शासनाच्या प्रवक्त्याला आठवड्यातून तीनदा पाहुणा म्हणून पाचारण करते. कोणी प्रश्न विचारावा व बैठक केव्हा संपवावी, हे वार्ताहर ठरवितात. प्रवक्ता मुळात पत्रकार आहे की नाही, याला त्यामुळे तेथे कमी महत्त्व राहते.

भारतात कार्यकारी सत्ता मंत्रिमंडळाकडे असल्याने राष्ट्रपतींच्या वृत्तसचिवाचे काम मर्यादित आहे. या पदाशी तुलना करावयाची ती पंतप्रधानांच्या माहिती-सल्लागाराची. टाइम्स ऑफ इंडियातील बी. जी. वर्गीज हे १९६६ ते १९६९ या काळात इंदिरा गांधींचे माहिती-सल्लागार होते. नंतर ते हिंदुस्थान टाइम्सचे संपादक झाले आणि शासनावरील टीकेनंतर १९७५ मध्ये त्यांना ते पद गमवावे लागले. मुंबईत इंडियन एक्स्प्रेसमध्ये काम केलेले एच्. वाय्. शारदा प्रसाद हे मात्र आणीबाणीतही पंतप्रधानांच्या कार्यालयातच राहिले. संजय बारू यांनी २००४ ते २००८ या काळात मनमोहन सिंग यांचे माध्यम-सल्लागार म्हणून काम केले व २०१४ मध्ये त्या अनुभवांवर पुस्तक लिहिले. ते कपोलकल्पित असल्याचे सांगून पंतप्रधान-कार्यालयाने त्याचा इन्कार केला. त्या वेळी तेथे माध्यम-सल्लागार असलेले पंकज पचौरी हेही पूर्वाश्रमीचे दूरचित्रवाणी-पत्रकारच होते.