पांढऱ्या पडलेल्या पट्ट्या

गेल्या महिन्यात आमच्या मिरजेच्या लॅबमधला रक्तपेशी मोजणारा जुना सेल काउंटर कंपनीच्या बायबॅकमध्ये गेला. टेम्पो दाराशी येऊन थांबला होता. इंजिनिअरला म्हटलं, आतला डेटा तेवढा काढून द्या. तो म्हणाला, "मॅडम, एक्स्पोर्टला सर्व्हिस पासवर्ड लागतो, आणि तो बाहेर द्यायची परवानगी नाही." सहा वर्षांचे सीबीसी मशीनसोबत जिना उतरून गेले. रिपोर्टातले आकडे आमच्या सॉफ्टवेअरमध्ये आहेत. पण पेशींचे ग्राफ, फ्लॅग, कॅलिब्रेशन, रोज सकाळी लावलेले कंट्रोल, सगळं गेलं. पोटात कालवलं.

मी १९९४ साली कामाला लागले. साहलीची नळी, न्यूबॉर चेंबर, कलरीमीटर. त्या वर्षांचं फार काही सांगण्यासारखं नाही. मोजलं की रजिस्टरात लिहायचं. ती रजिस्टरं आजही स्वच्छ वाचता येतात.

पहिलं मशीन आलं १९९९ मध्ये, आणि पुढची काही वर्षं आम्ही पेशंटचे आकडे हरवत राहिलो. मेमरीत काही शेच निकाल मावायचे. नवा आला की सगळ्यात जुना पुसला जायचा. उरायची ती थर्मल कागदाची पट्टी, आणि मिरजेचा एप्रिल-मे तिला सोसायचा नाही. एका शाळकरी मुलीचे प्लेटलेट वरचेवर उतरायचे. डॉक्टरांनी दोन वर्षांपूर्वीचे आकडे मागितले. फाइल काढली, तर पट्टी कोरी. उजेडात तिरकी धरून बघितली, पुसट रेघांखेरीज काही दिसेना. तिची आई समोर बसली होती. त्या दिवसापासून मी रोज संध्याकाळी पट्ट्यांच्या झेरॉक्स काढायला लागले.

त्यावर लॅबचे मालक म्हणायचे, "रिपोर्ट दिला, पैसे घेतले, आता डेटा कशाला जपायचा?" हे वाक्य मी अजून विसरलेले नाही. पेशंट पुन्हा येतो तेव्हा आजचा आकडा मागच्याशी ताडून बघायचा असतो. सॅम्पलची अदलाबदल तिथेच पकडली जाते.

२००३ मध्ये कॉम्प्युटर दुरुस्त करणारा एक मुलगा मदतीला आला. मशीनच्या मागे नऊ पिनांचा सीरियल पोर्ट होता. त्यानं दोन आणि तीन नंबरच्या तारा उलटसुलट जोडून केबल बनवली आणि हायपरटर्मिनल उघडलं. आधी पडद्यावर नुसती चित्रविचित्र चिन्हं आली. बॉड रेट बदलून ९६०० केला, आणि ओळीओळीनं आकडे उतरू लागले: डब्ल्यूबीसी, हिमोग्लोबिन, प्लेटलेट. मी खुर्चीवरून उठून उभीच राहिले. एका पेशंटची ती अक्षरं एक केबीतही मावायची, १.४४ एमबीच्या फ्लॉपीत हजारावर माणसं.

पण फाइलमध्ये नाव नव्हतं, फक्त अनुक्रमांक, आणि तो रोज सकाळी एकपासून सुरू. त्यात आतली बटणाएवढी बॅटरी संपली की तारीख मागे जायची आणि ऑगस्टचे पेशंट जानेवारीत जाऊन बसायचे. रजिस्टर शेजारी घेऊन मी ते एकेक जुळवलेत. बॅकअप उघडून ताडल्याशिवाय मी त्याला बॅकअप म्हणत नाही, ते तेव्हापासून.

आता नव्या मशीनचा करार आलाय. शेवटच्या पानावर मी पेनानं एक ओळ घातली: सर्व निकाल, ग्राफ आणि कंट्रोल सीएसव्हीत काढण्याची सोय लॅबच्या पासवर्डनं मिळावी. विक्रेता म्हणाला, वर विचारावं लागेल. तीन आठवडे झाले. मशीन अजून खोक्यात आहे.