संगीत, रंग आणि आत्मविश्वास : मनाच्या आरोग्याचे रोजचे तीन आधार

आपल्या समाजातला तरुण आज कुठे भेटतो? एक पुण्या-नागपूरच्या अभ्यासिकेत भेटतो. सकाळी सातला टेबल धरतो आणि रात्री अकराला खोलीवर परततो. दुसरा रस्त्यावर भेटतो. आज निवेदन, उद्या मोर्चा, परवा जयंतीची बैठक, मध्येच कोणाच्या तरी तक्रारीसाठी पोलीस ठाणे. या दोघांनाही कोणी "तू बरा आहेस ना?" असे विचारत नाही. विचारलेच तर उत्तर ठरलेले असते. "समाजापुढे एवढे प्रश्न असताना मनाचे काय घेऊन बसलात?"

या उत्तरातच आपली चूक आहे. सर्व गोष्टींच्या आधी मन येते, ही धम्माची मूळ शिकवण आहे. मन थकले की अभ्यास थकतो, माणूस चिडचिडा होतो, संघटनेत भांडणे वाढतात आणि चांगले कार्यकर्ते घरी बसतात. मन सांभाळणे ही चैन नाही. चळवळ टिकवण्याची ती पूर्वअट आहे. त्यासाठी लागणारी साधनेही महाग नाहीत. आपल्याच परंपरेत ती आहेत आणि गरिबातल्या गरीब घरात पोहोचलेली आहेत. त्यांपैकी तीन साधनांचा, म्हणजे संगीत, रंग आणि आत्मविश्वास यांचा, येथे विचार करू.

सोण आणि वीणेची तार

सुरुवात तथागतांच्या काळातील एका तरुणापासून करू. अंगुत्तर निकायात आणि विनयपिटकात सोण नावाच्या भिक्खूची कथा आहे. चंपा नगरीतील श्रीमंत घरात तो अतिशय लाडात वाढला होता. प्रव्रज्या घेतल्यावर त्याने इतकी कठोर साधना केली की चंक्रमण करताना पायाची कातडी फाटली आणि चालण्याची वाट रक्ताने भरली. एवढे करूनही मन मुक्त होईना, तेव्हा तो निराश झाला. आपल्याला हे जमणार नाही, घरी परत जावे, असे त्याला वाटू लागले.

तथागत त्याला भेटायला गेले. सोण पूर्वी उत्तम वीणा वाजवत असे, हे त्यांना माहीत होते. वीणेच्या तारा फार ताणल्या तर ती नीट वाजते का, आणि फार सैल सोडल्या तर वाजते का, एवढेच त्यांनी विचारले. सोणने दोन्ही वेळा नाही म्हटले. मग तथागतांनी सांगितले की साधनेचेही तसेच आहे. अती ताणले की मन अस्वस्थ होते, अती सैल सोडले की आळसावते. सोणने प्रयत्न सोडले नाहीत, पण त्यांची पट्टी बदलली आणि पुढे तो अर्हत झाला.

आज अभ्यासिकेत बसलेल्या प्रत्येक मुलामुलीने ही कथा वाचली पाहिजे. 'अजून मेहनत कर' हा सल्ला प्रत्येक वेळी योग्य नसतो. कधी कधी तार थोडी सैल करणे हाच पुढे जाण्याचा मार्ग असतो. लक्षात घ्या, तथागतांनी सोणला समजावण्यासाठी उदाहरण निवडले ते त्याच्या आवडीचे, संगीताचे.

संगीत : श्वासाला लय, माणसाला सोबत

काही तरुण विचारतात, "अष्टशीलात नृत्य, गायन, वादन वर्ज्य सांगितले आहे. मग बौद्धाने गाणे ऐकावे का?" प्रश्न योग्य आहे. अष्टशील उपासक-उपासिका उपोसथाच्या दिवशी पाळतात. एक दिवस इंद्रियांना विश्रांती देण्याचा तो सराव आहे. रोजच्या पंचशीलात संगीताला मनाई नाही. उलट दीघ निकायातील सक्कपञ्ह सुत्तात पंचशिख वीणेवर गातो, तेव्हा तारांचा सूर आणि गाण्याचा सूर एकमेकांशी चांगला जुळला असे तथागत त्याचे कौतुक करतात, असा प्रसंग आहे. प्रश्न संगीताचा नाही, आपण त्याच्या आहारी जातो की त्यातून बळ घेतो, याचा आहे.

संगीताने मन शांत का होते, याचे एक साधे शारीरिक कारण आहे. गाताना किंवा वंदना म्हणताना आपण श्वास पटकन घेतो आणि लांबवर सोडतो. उच्छ्वास लांबला की हृदयाचे ठोके संथ होतात आणि शरीराचा ताण उतरू लागतो. विहारात सर्वांनी एका आवाजात त्रिसरण-पंचशील म्हटले की बाहेर पडताना हलके वाटते, त्यामागे हेही आहे. दुसरे कारण सोबतीचे. चार माणसे एका लयीत गातात तेव्हा आपण एकटे नाही, हे सांगावे लागत नाही.

आपल्या चळवळीने हे फार लवकर ओळखले. १९३० च्या दशकात भीमराव कर्डक आणि त्यांच्यासारख्या जलसाकारांनी गावोगावी आंबेडकरी जलसे केले. ज्यांना वाचता येत नव्हते त्यांच्यापर्यंत स्वाभिमानाचा विचार गाण्यातून गेला. दिवसभर अपमान सोसून आलेला माणूस रात्री जलशात बसत असे आणि ताठ मानेने घरी जात असे. खुद्द बाबासाहेबांनी एवढ्या व्यापात व्हायोलिन शिकायला घेतले होते. ज्या माणसाकडे वेळेची सर्वांत जास्त टंचाई होती, त्याने संगीतासाठी वेळ काढला. आपल्याला वेळ नाही असे म्हणण्यापूर्वी हे आठवावे.

येथे एक कटू गोष्टही बोलली पाहिजे. जयंतीच्या मिरवणुकीत छातीत धडधड होईल इतक्या आवाजात डीजे लावणे म्हणजे संगीत नव्हे. त्या दणक्यात गीताचे शब्द ऐकू येत नाहीत, आजारी माणसांना त्रास होतो आणि लहान मुलांचे कान दुखावतात. ध्वनिप्रदूषणाच्या नियमांप्रमाणे निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबलची मर्यादा आहे. पण नियमापेक्षा मोठा मुद्दा असा की भीमगीतांची ताकद त्यांच्या शब्दांत आहे. ढोलकी, पेटी आणि मोकळा गळा एवढ्यावर ती उभी राहिली. वस्तीतल्या मुलांना वर्षातून एक रात्र डीजेपुढे नाचवण्यापेक्षा वर्षभर आठवड्यातून एक संध्याकाळ गायला शिकवा. त्याचा उपयोग त्यांना आयुष्यभर होईल.

रंग : डोळ्यांतून मनाकडे

रंगांचा मनाशी संबंध ही काही आजची फॅशन नाही. पाचव्या शतकात आचार्य बुद्धघोष यांनी श्रीलंकेत 'विसुद्धिमग्ग' हा ग्रंथ लिहिला. त्यात ध्यानासाठी जे दहा कसिण सांगितले आहेत, त्यांत चार रंगांचे आहेत : नील, पीत, लोहित आणि ओदात, म्हणजे निळा, पिवळा, लाल आणि पांढरा. त्या रंगाची फुले किंवा कापड समोर ठेवून त्यावर चित्त एकाग्र करायचे. विशेष म्हणजे ज्यांचा स्वभाव रागीट आहे, त्यांच्यासाठी ही रंगांची ध्याने आणि मैत्री, करुणा, मुदिता, उपेक्षा या भावना योग्य आहेत, असे बुद्धघोष सांगतात. स्वच्छ, सुंदर रंगावर चित्त ठेवले की द्वेषाला जागा कमी उरते, असा त्यामागचा विचार दिसतो.

हेच चार रंग आपल्याला आणखी एका ठिकाणी भेटतात. बौद्ध ध्वज १८८५ साली कोलंबोत तयार झाला आणि त्या वर्षीच्या वैशाख पौर्णिमेला प्रथम फडकला. त्यात निळा, पिवळा, लाल, पांढरा आणि केशरी असे पाच पट्टे आहेत, आणि सहावा पट्टा या सर्वांच्या मिश्रणाचा. निळा करुणेचा, पिवळा मध्यम मार्गाचा, लाल साधनेतून मिळणाऱ्या मंगलाचा, पांढरा धम्माच्या शुद्धतेचा, केशरी प्रज्ञेचा. १९५० मध्ये कोलंबोला जागतिक बौद्ध परिषद भरली, तिला बाबासाहेब गेले होते. आज हा ध्वज आपल्या विहारांवर आणि घरांवर दिसतो. तो नुसता लावू नका. घरातल्या लहान मुलाला एकेका रंगाचा अर्थ विचारा. रोज दिसणारा रंग मग रोजची आठवण बनतो.

आपल्यासाठी रंगांना इतिहासही आहे. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरला लाखो लोक शुभ्र वस्त्रे घालून दीक्षाभूमीवर जमले. ज्यांच्या वाट्याला पिढ्यान्पिढ्या दुसऱ्यांचे उतरलेले कपडे आले, त्यांनी त्या दिवशी स्वच्छ पांढरा रंग अंगावर घेतला. निळा रंग आपल्या राजकीय स्वाभिमानाशी जोडला गेला, तो शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशनच्या झेंड्यापासून. म्हणूनच निळा झेंडा पाहिला की आजही ऊर भरून येतो. रंगाचा परिणाम असा आठवणीतून आणि अर्थातून होतो.

पण सावध राहा. 'अमुक रंगाचा खडा घाला, नैराश्य जाईल', 'तमुक रंगाची भिंत करा, नोकरी मिळेल' असे सांगणारे बरेच आहेत. हे धम्मात बसत नाही. कोणी सांगितले म्हणून मानू नका, स्वतः तपासा, ही कालाम सुत्ताची शिकवण येथेही लागू आहे. रंगाने आजार बरा होत नाही. मात्र रोज दहा मिनिटे मोबाइल बाजूला ठेवून एखादे झाड, फूल किंवा संध्याकाळचे आकाश नीट पाहिले, किंवा कागदावर रंग घेऊन बसले, तर भरकटलेले लक्ष एका जागी येते. जमले तर एकदा अजिंठ्याला जा. पहिल्या लेण्यातील पद्मपाणीसमोर शांत उभे राहा. तेथील चित्रांत स्थानिक माती-दगडांचे रंग आहेत, तसा दूर अफगाणिस्तानातून आलेल्या मौल्यवान दगडाचा निळाही आहे. अंधाऱ्या गुहेत बसून कोणीतरी हे करुणेने भरलेले डोळे रंगवले आणि दीड हजार वर्षांनीही ते आपल्याशी बोलतात.

आत्मविश्वास : तो येतो कुठून?

धम्म अनात्मवादी आहे, मग आत्मविश्वास कशाला, असाही प्रश्न येतो. अनात्म म्हणजे न बदलणारा, कायमचा आत्मा नाही. याचा अर्थ असा की माणूस बदलू शकतो. 'तू जन्मानेच असा' हे म्हणणे धम्म नाकारतो. आत्मविश्वासाला याहून भक्कम पाया कोणता हवा? महापरिनिर्वाणापूर्वी तथागतांनी आनंदाला स्वतःच स्वतःचा दीप होण्यास सांगितले, तेही याच अर्थाने.

मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट बांडुरा यांनी १९७७ मध्ये आत्मविश्वासाचे चार स्रोत मांडले. पहिला, स्वतः काहीतरी करून दाखवल्याचा अनुभव. दुसरा, आपल्यासारख्याच माणसाला यशस्वी होताना पाहणे. तिसरा, विश्वासातल्या माणसाने दिलेला धीर. चौथा, शरीर-मनाची त्या वेळची स्थिती. हे चारही आपल्या इतिहासात दिसतात.

वामनदादा कर्डकांचे उदाहरण घ्या. १९२२ साली सिन्नर तालुक्यातील देशवंडी गावात जन्मलेले वामनदादा तरुणपणी निरक्षर होते. मुंबईत एकाने त्यांना पत्र वाचून दाखवायला सांगितले आणि ते वाचता येईना म्हणून त्यांना रडू कोसळले. तेथून त्यांनी बाराखडी गिरवली, रस्त्यावरच्या दुकानांच्या पाट्या वाचत वाचत ते अक्षरे शिकले. १९४३ मध्ये पहिले गीत लिहिले आणि पुढे हजारो. एकेक पाटी वाचता येणे हा त्यांचा पहिला स्रोत होता. आत्मविश्वास भाषणातून येत नाही, अशा लहान लहान जिंकण्यातून साठत जातो.

२० मार्च १९२७ ला महाडच्या चवदार तळ्याचे पाणी प्यायलेल्या माणसांना दुसरा आणि तिसरा स्रोत मिळाला. शेजारचा प्यायला म्हणून मीही प्यालो, आणि पुढे उभा असलेला नेता सांगत होता की हा तुझा हक्क आहे. म्हणून गावातील पहिली पदवीधर मुलगी, पहिला अधिकारी, पहिला उद्योजक यांनी वस्तीत येऊन बसले पाहिजे. त्यांचा सत्कार करण्यापेक्षा त्यांना दोन तास मुलांशी बोलू द्या. कुठे नापास झालो हेही त्यांनी सांगावे. चौथा स्रोत सर्वांत दुर्लक्षित आहे, तो म्हणजे झोप, जेवण, चालणे. चार रात्री जागलेल्या मुलाला 'मला काही येत नाही' असे वाटते, तेव्हा ते सत्य नसते, थकवा असतो.

संयुत्त निकायात दोन बाणांचे उदाहरण आहे. पहिला बाण दुःखाचा, तो लागतोच. दुसरा बाण आपण स्वतःला मारतो, तो दुःखावर कुढण्याचा. परीक्षेत अपयश हा पहिला बाण. 'मी नालायक, घरच्यांचे पैसे बुडवले' हा दुसरा. पहिला टाळता आला नाही तरी दुसरा टाळता येतो.

मर्यादाही ओळखा

येथे एक गैरसमज नको. मन सांभाळा म्हणजे अन्याय सहन करा, असा अर्थ नाही. रोहित वेमुला (२०१६) आणि डॉ. पायल तडवी (२०१९) यांच्या मृत्यूनंतर उच्च शिक्षणातील जातीय भेदभावाचा प्रश्न देशभर चर्चेला आला. अशा ठिकाणी गाणे ऐका, रंग पाहा, एवढे सांगणे क्रूरपणा ठरेल. तेथे तक्रार, कायदा, संघटना हाच मार्ग. पण लढणाऱ्यालाही उभे राहायला बळ लागते आणि त्याच्या शेजारी माणूस लागतो.

दोन आठवड्यांहून अधिक काळ मन उदास असेल, झोप-भूक उडाली असेल, कशातच रस वाटत नसेल किंवा जगणे नकोसे वाटत असेल, तर डॉक्टरांकडे जा. ताप आल्यावर जातो तसेच. केंद्र सरकारची 'टेलिमानस' ही मोफत सेवा १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास आहे, मराठीतही बोलता येते. मदत मागणे म्हणजे कमकुवतपणा नव्हे. तथागतांनी आजारी भिक्खूची स्वतः शुश्रूषा केली होती, हे विसरू नका.

आजपासून काय करता येईल?

सकाळी पाच मिनिटे आनापानसती, मग मोठ्याने वंदना. दिवसातून एक गीत ऐकायचे नव्हे, म्हणायचे. दहा मिनिटे डोळ्यांना मोबाइलबाहेरचा रंग द्यायचा. रात्री झोपण्यापूर्वी आज जमलेली एक गोष्ट वहीत लिहायची, कितीही लहान असो. आठवड्यातून एकदा गप्प झालेल्या एखाद्या मित्राला फोन करायचा. विहारांच्या कार्यकारिणीने महिन्यातील एक रविवार तरुणांच्या मनमोकळ्या बोलण्यासाठी राखून ठेवावा. भाषण नको, फक्त ऐकणारी माणसे हवीत.

सोणने वीणा मोडून टाकली नव्हती आणि साधनाही सोडली नव्हती. त्याने फक्त तार जुळवून घेतली. आपणही आपापली तार तपासू या आणि शेजारच्याची फार ताणली गेली असेल तर त्याच्या खांद्यावर हात ठेवू या.

नमो बुद्धाय, जय भीम!